सासूबाई गोड बोलू लागल्या तेव्हा

"यांच्या डोक्यात पाणी साचलंय," न्यूरोलॉजिस्ट म्हणाला, आणि मला हसू आलं. मनात म्हटलं, पाणी? चौदा वर्षं मी समजत होते तिथे बर्फ आहे.

सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगमधल्या एका क्लिनिकच्या तिसऱ्या मजल्यावरची ती खोली. एका खुर्चीत मी, शेजारी माझा नवरा अल्योशा आणि आमच्या मध्ये सासूबाई, गालिना. डॉक्टरने स्क्रीन आमच्याकडे वळवली. एमआरआयच्या चित्रात मेंदूच्या मधोमध फुलपाखरासारखी काळी जागा दिसत होती. ती व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या. मेंदूभोवती जे पाणी सतत तयार होतं आणि शोषलं जातं, ते यांच्यात नीट शोषलं जात नाही. पोकळ्या फुगतात, आणि पाय, लघवी आणि विचार सांभाळणाऱ्या नसा ताणल्या जातात.

आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफॅलस. पाण्याचा दाब मोजला तर साधारण नेहमीएवढाच भरतो, म्हणून नॉर्मल. ज्या माणसाला चालता येत नाही आणि पँट कोरडी ठेवता येत नाही, त्याच्या आजाराच्या नावात नॉर्मल शब्द घालणाऱ्याला मी एकदा भेटू इच्छिते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हात मांडीवर जोडलेले. मग हळूच म्हणाल्या, "थँक यू, डॉक्टर. तुम्ही फार चांगले आहात."

डॉक्टर खूश झाला. अल्योशाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मी मात्र सासूबाईंकडे बघत राहिले, कारण तोपर्यंत माझ्या लक्षात यायला लागलं होतं, की ही बाई असं बोलणाऱ्यातली नव्हे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं म्हातारं माणूस असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पण आधी ही बाई कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर तिला काय झालं ते कळणार नाही.

सासूबाई रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत देशाच्या, फिगर स्केटिंगच्या चॅम्पियन होत्या. तीन वेळा देशात पहिल्या, युरोपात एक पदक. मी वसईची. आमच्याकडे बर्फ फक्त मासळीवर असतो. चमचमते कपडे घालून बर्फावर गोल फिरायचं आणि शेवटी हात वर करून हसायचं, याला खेळ का म्हणतात ते मला लग्नानंतरही बरीच वर्षं कळलं नाही. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर. तो खेळ नाहीच. ती सर्कस आहे. खेळ त्यांनी बंद केला."

त्यांचा खेळ वेगळा होता. त्या काळी स्पर्धेचा मोठा भाग म्हणजे बर्फावर आकृत्या काढणं. पहाटेचं रिकामं मैदान, संगीत नाही, प्रेक्षक नाहीत. एका पायावर, ब्लेडच्या एका कडेवर मोठं वर्तुळ काढायचं आणि त्याच रेषेवरून पुन्हा दोनदा जायचं. मग परीक्षक येऊन कमरेत वाकून बघत, तिन्ही रेषा एकावर एक पडल्यात का. सासूबाईंच्या पडायच्या. उरल प्रांतातल्या एका कारखान्याच्या गावात, वयाच्या चौथ्या वर्षी वडिलांनी त्यांना बर्फावर उभं केलं. नवव्या वर्षी लेनिनग्राडच्या क्रीडाशाळेत नेलं. तिथे रोज सकाळी मुलींना वजनकाट्यावर उभं करत आणि भरलेलं वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत. दहा वर्षं त्यांनी रेषा काढल्या.

पण टीव्हीला रेषा दाखवता येत नाहीत. लोकांना उड्या हव्या होत्या. आकृत्यांचे गुण कमी कमी होत गेले आणि शेवटी तो प्रकारच रद्द झाला. त्या दिवसापासून सासूबाईंनी जगातल्या प्रत्येक स्केटरला तुच्छ मानलं. नंतर देशही फुटला, आणि तीन वेळची चॅम्पियन पोटासाठी एका फिरत्या आइस-शोमध्ये अस्वलाचं कातडं पांघरून नाचू लागली. तो शो ऑस्ट्रेलियात आला तेव्हा त्या इथेच राहिल्या. अल्योशा तोवर उरलमध्ये आजीकडे वाढत होता. बारा वर्षांचा झाल्यावर त्याला इकडे आणलं. तो म्हणतो, विमानतळावर त्याने आईला ओळखलं, कारण तिला टीव्हीवर पाहिलं होतं.

पुढची तीस वर्षं त्यांनी सिडनीत मुलींना शिकवलं आणि त्यातल्या बहुतेकींना रडवलं.

मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्या एकच शब्द बोलल्या, "पाठ." मला वाटलं, यांची पाठ दुखतेय. मी खुर्ची आणायला धावले. त्या माझ्या पाठीच्या बाकाबद्दल बोलत होत्या हे नवऱ्याने गाडीत सांगितलं. माझं बांगड्याचं कालवण चाखून त्यांनी विचारलं होतं, "हे तुम्ही मुद्दाम खाता?" आमची मुलगी नीना सहा वर्षांची असताना तिला रिंकवर नेलं, दहा मिनिटं पाहिलं आणि आम्हाला सांगितलं, "हिला पोहायला घाला. पाण्यात कुणाला दिसत नाही."

मीही काही कमी नव्हते. त्या चार वर्षांपूर्वी आमच्या मागच्या अंगणातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, म्हणजे वेगळ्या छोट्या घरात, राहायला आल्या, तेव्हा त्यांची पदकं मी मुद्दाम कपडे धुण्याच्या खोलीत लावली.

पहिलं लक्षण स्टेशनवर दिसलं. त्या तेव्हाही आठवड्यातून दोनदा ट्रेनने सिडनीला शिकवायला जात. एका सकाळी मी युनिव्हर्सिटीत कामावर जाता जाता त्यांना सोडायला गेले. ट्रेन आली, दार उघडलं, आणि त्या दारासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. मागे लोक खोळंबले. मी म्हटलं, "चढा ना." त्या म्हणाल्या, "पाय चिकटलाय." मला वाटलं, काहीतरी नाटक. दार बंद झालं, ट्रेन गेली. त्यांनी बुटांना शिव्या घातल्या आणि मी घरी आल्यावर त्यांना.

नंतर ते रोजचं झालं. पाय फाकवून, जमिनीवरून न उचलता, छोटी छोटी पावलं. वळायचं म्हणजे आठ-नऊ पावलं. डॉक्टरांच्या भाषेत याला मॅग्नेटिक गेट म्हणतात, म्हणजे जमिनीत लोहचुंबक असल्यासारखी चाल. तेव्हा आम्हाला हे नाव ठाऊक नव्हतं. आम्हाला आमचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, ठाऊक होता. तो म्हणाला, "सत्तरी उलटली. त्यात आयुष्यभर उड्या मारलेले गुडघे. काय अपेक्षा आहे?" मी म्हटलं, त्यांनी उड्या फारशा मारल्या नाहीत, त्यांनी रेषा काढल्या. तो "नो वरीज" म्हणाला आणि त्याने एक पत्रक दिलं. पत्रकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनाऱ्यावर दात काढून धावत होतं. या देशातल्या प्रत्येक आजाराच्या पत्रकावर तेच जोडपं असतं. इतके आजार झालेली माणसं इतकी आनंदी कशी, हे मला कोडं आहे.

मग लघवीचा त्रास सुरू झाला. त्यांनी तो लपवला. चादरी स्वतः धुवायच्या, आणि एक दिवस मशीनपर्यंत पोचता न आल्याने ओल्या चादरीचा गोळा घेऊन दारातच बसलेल्या मला सापडल्या. मी चादर घेतली.

पुन्हा जीपी. या वेळी त्याला पार्किन्सन्सचा संशय आला. लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या मेंदूत कमी पडलेलं रसायन भरून काढतात. तीन महिन्यांत त्यांनी मळमळीशिवाय काही दिलं नाही.

आणि मग त्या गोड बोलायला लागल्या.

सुरुवात बांगड्याच्या कालवणानेच झाली. पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "छान झालंय. थँक यू." मी मागे वळून पाहिलं, कोणाशी बोलताहेत. नीनाच्या चित्राला सुंदर म्हणाल्या. टीव्हीवर स्केटिंग लागलं की आधी त्यांचं चपला फेकणंच काय ते बाकी असायचं. आता टाळ्या वाजवायला लागल्या. एक मुलगी उडी मारताना आपटली, तर सासूबाई म्हणाल्या, "बिचारी."

खरं तर मी त्याच क्षणी अँब्युलन्स बोलवायला हवी होती.

पण आम्ही काय केलं? आम्ही सुखावलो. अल्योशा पोर्ट केंब्लाच्या स्टील कारखान्यात इंजिनियर आहे. एरवी सहा वाजल्याशिवाय न येणारा माणूस चारला घरी यायला लागला. सोफ्यावर आईच्या शेजारी बसायचा. ती त्याचा हात हातात घ्यायची आणि दोघं टीव्हीकडे बघत राहायचे. सिडनीतल्या कॅसल हिलची माझी मैत्रीण सुप्रिया फोनवर म्हणाली, "अगं, वय झालं की माणूस मऊ होतं. देवाने तुझं ऐकलं म्हण." मग तिने अक्रोडाचे फायदे पाठवले, कारण अक्रोड मेंदूसारखा दिसतो. त्या न्यायाने फ्लॉवर खाऊन आम्ही सगळे शास्त्रज्ञ झालो असतो.

मी इतरांना नावं ठेवतेय, पण मलाही ते आवडलं होतं हे लिहायला हवं. आठ महिने मी त्या बाईच्या आजाराबरोबर मजेत राहिले. घरात कुणी माझ्या पाठीबद्दल बोलत नव्हतं. चालता येत नाही, कपडे ओले होतात, संध्याकाळी सकाळचं आठवत नाही, हे सगळं मी पाहत होते. पण त्या थँक यू म्हणत होत्या, म्हणून मी पुढचं पाहिलं नाही.

शेवटी त्या कपडे वाळत घालायच्या तारेपाशी पडल्या. डोक्याला खोक पडली म्हणून इमर्जन्सीत सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता. पण तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने स्कॅन पुन्हा उघडला आणि म्हणाली, "वयाच्या मानाने या पोकळ्या जास्तच मोठ्या आहेत. न्यूरोलॉजिस्टला दाखवा. टाळू नका." तिचं नाव मी विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. दीड वर्षात त्या बाईकडे नीट बघणारी ती पहिली होती, आणि त्यात मी स्वतःलाही धरते.

न्यूरोलॉजिस्टने आजाराचं नाव सांगण्याआधी बरेच प्रश्न विचारले होते. त्यातला एक होता, "स्वभावात काही बदल?"

अल्योशा हसून म्हणाला, "खूप प्रेमळ झालीय."

डॉक्टरने मान हलवली आणि टाइप केलं. मी वाकून वाचलं. त्याने लिहिलं होतं, एपथी, म्हणजे उदासीनता. त्याने समजावलं ते असं: मत असायला ताकद लागते. राग यायला, कंटाळा यायला, नापसंती दाखवायलाही लागते. यांच्या मेंदूचा पुढचा भाग दबलाय, त्यामुळे ती ताकद उरलेली नाही. म्हणून सगळंच चालतं.

म्हणजे माझं कालवण त्यांना आवडलं नव्हतं. त्यांना ते नावडायलाही जमत नव्हतं.

खात्री करायला टॅप टेस्ट करतात. कमरेत सुई घालून पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी काढतात, आणि आधी-नंतर चालायला लावून वेळ मोजतात. फरक पडला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची आशा जास्त. आम्हाला सकाळी साडेसातला डे वॉर्डात बोलावलं. फिजिओ होती केली नावाची, उंच पोनीटेल आणि प्रत्येक वाक्याला एक "अमेझिंग". तिने फरशीवर तीन मीटरची निळी पट्टी चिकटवली. खुर्चीतून उठायचं, पट्टीच्या टोकाला जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सासूबाईंना एकेचाळीस सेकंद लागले. वळताना नऊ पावलं. केली म्हणाली, "अमेझिंग, गालिना!" सासूबाई म्हणाल्या, "थँक यू, डार्लिंग."

मग सुई. तीन-चार नळ्या भरून पाणी निघालं, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. मला का कोण जाणे वाटलं होतं की ते गढूळ असेल.

तीन तास पडून राहायचं होतं. त्या छताकडे बघत होत्या. साधारण दोन तासांनी त्या म्हणाल्या, "हा पडदा कोणी निवडला?" मी फोनमधून मान वर केली. हिरव्या पडद्यावर केशरी मासे होते. मी म्हटलं, "काय माहीत." त्या म्हणाल्या, "आंधळ्याने."

मी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. उगाच आशा नको.

पुन्हा खुर्ची, पुन्हा पट्टी. त्या उठल्या. पाय उचलला गेला. मी पाहिलं, टाच आणि फरशी यांच्यामध्ये उजेड दिसला. टोकाला तीन पावलांत वळल्या. चोवीस सेकंद. केली टाळ्या वाजवून "अमेझिंग!" म्हणाली.

सासूबाई खुर्चीत बसल्या नाहीत. पट्टीकडे बोट करून म्हणाल्या, "ही वाकडी आहे. टोकाला डावीकडे गेलीय, दोन बोटं. तुला दिसत नाही? आधी ती काढ आणि नीट चिकटव, मग मला चालायला सांग."

केलीचा चेहरा पडला. मी रडायला लागले. अगदी हुंदके देऊन. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक पूस. लोक बघताहेत."

या चाचणीचा परिणाम थोडेच दिवस टिकतो, कारण पाणी पुन्हा साचतं. आमच्याकडे तो चार दिवस टिकला. त्या चार दिवसांत सिडनीतल्या न्यूरोसर्जनला भेटलो. त्याने स्पष्ट सांगितलं: चालणं बहुधा सुधारेल, लघवीचं काही अंशी, स्मरणशक्तीचं सांगता येत नाही. मेंदूची शस्त्रक्रिया आहे, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे दोन धोके आहेत. संमतीचा कागद घ्या, घरी जाऊन विचार करा.

घरी परतल्यावर अल्योशा स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, "ज्यो, मला नको हे ऑपरेशन."

"धोक्यामुळे?"

"नाही."

माझ्या लक्षात आलं, आणि मला इतका राग आला की मी म्हटलं, "म्हणजे तुला तुझी आई आजारीच हवी? पँट ओली झालेली, पण गोड?"

तो इंग्रजीत बोलत होता, सावकाश, पाढे म्हटल्यासारखा. "तुला आई होती. तुला शाळेतून आणायला यायची. गेल्या आठ महिन्यांत माझ्या आईने मला तीनदा बाळा म्हटलंय. तीनदा. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि मी ते मोजलंय."

एवढा वेळ ज्या माणसाला मनातल्या मनात मी बावळट म्हणत होते, तो सोफ्यावर बसून काय करत होता हे मला तेव्हा कळलं.

मागच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. ग्रॅनी फ्लॅटपासून अंगण ओलांडून स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. किती ऐकलं माहीत नाही. त्या आधी रशियनमध्ये काहीतरी बोलल्या, मग माझ्याकडे पाहून इंग्रजीवर आल्या, मलाही कळावं म्हणून.

"तुझा हात धरून बसते ती बाई मी नाही. ते पाणी आहे. पाण्याला तू आवडत नाहीस. त्याला कुणीच आवडत नाही."

"आणि तुला?" अल्योशाने विचारलं. "तुला मी आवडतो?"

मला वाटलं, आता तरी एक शब्द बोला, बाई. खोटा बोला.

त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू इंजिनियर चांगला आहेस. नवरा बरा आहेस. सूप वाईट करतोस. बोलताना खाली बघतोस, ते मला अजिबात आवडत नाही. मला तुझ्यातलं सगळं दिसतं. जिला काहीच दिसत नाही ती कसलं प्रेम करणार?" मग माझ्याकडे वळून, "कागद कुठेय? मी सही करते. उद्या परवा मी पुन्हा हो-हो करायला लागेन, त्याच्या आत."

आणि त्यांनी सही केली. अक्षर लहान आणि सरळ होतं.

शस्त्रक्रियेची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली. चार दिवस संपले तसं पाणी परत भरलं. पाय चिकटले, आणि "थँक यू" परत आलं. या वेळी ते ऐकवत नव्हतं. मी चहा दिला की त्या हसायच्या आणि मी लगेच ओट्याकडे वळायचे. अल्योशा शेजारी बसायचा, हातही धरायचा, पण भिंतीकडे बघत.

व्हीपी शंट, म्हणजे हे ऑपरेशन काय असतं, ते थोडक्यात सांगते. कवटीला छोटं छिद्र पाडून मेंदूच्या पोकळीत बारीक नळी घालतात. कानामागून, मानेतून, छातीवरून, कातडीच्या खालून ती पोटात नेतात. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि शरीर ते शोषून घेतं. मध्ये एक व्हॉल्व्ह असतो. पाणी किती जाऊ द्यायचं ते बाहेरून चुंबकाच्या यंत्राने ठरवता येतं. साधारण तासाभराचं काम. वेटिंग रूममध्ये तो तास काढायला एक स्वयंसेवक बाई आली आणि तिने मला लोकरीचं विणलेलं हृदय दिलं. तिच्या मागे टीव्हीवर कुणीतरी केक सजवत होतं. मी ते हृदय खुर्चीखाली सरकवलं. अल्योशाने वाकून ते उचललं आणि खिशात घातलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी अर्धं डोकं भादरलेल्या सासूबाई कॉरिडॉरमध्ये चालल्या. तिसऱ्या दिवशी मात्र उठून बसलं की भयंकर डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. याला ओव्हरड्रेनेज म्हणतात, म्हणजे पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जातंय. पुन्हा सीटी स्कॅन केला. सर्जनने यंत्र डोक्याशी धरून व्हॉल्व्हची सेटिंग बदलली. हे तुमच्याकडे झालं तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका, लगेच सांगा. आणि पुढे कधीही एमआरआय काढायची वेळ आली, तर व्हॉल्व्ह आहे हे आधी सांगा. एमआरआयच्या चुंबकाने काही व्हॉल्व्हची सेटिंग बदलू शकते, त्यामुळे नंतर ती तपासून घ्यावी लागते.

पाचव्या दिवशी वॉर्डातल्या नर्सने मला बाजूला घेतलं. सासूबाईंनी चहाला भांड्यांचं पाणी म्हटलं होतं. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलं होतं, की तुम्ही इतके हसता म्हणजे तुमचं माणूस नक्की मरणार आहे. नर्सने विचारलं, "त्या नेहमी अशाच असतात का?"

"हो," मी म्हटलं. "देवाची कृपा."

सगळं काही परत आलं नाही. चालणं आलं, काठीशिवाय. लघवीचं अर्धं सुधारलं. पॅड अजून लागतो. आठवणींमध्ये भोकं आहेत. ज्या मुलींना तीस वर्षं रडवलं त्यांतल्या कित्येकींची नावं गेली, आणि ती आठवताना त्या चिडतात. बर्फावर जायला डॉक्टरने कायमची बंदी केली आहे. ते ऐकून त्यांनी डॉक्टरच्या चालण्यातले दोष सांगितले.

तर घरात कुणी पाय घासत चालायला लागलं, कपडे ओले करायला लागलं, विसरायला लागलं, तर वय झालं म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा. तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर नक्की विचारा. आणि जे कुठल्याच पत्रकात नाही ते मी सांगते: आयुष्यभर कडू असलेलं माणूस अचानक गोड झालं, तर सुखावू नका. मी सुखावले होते. त्यात आठ महिने गेले. स्कॅन पुन्हा उघडणाऱ्या त्या मुलीचे, पट्टी सोलून काढून खरंच नीट चिकटवणाऱ्या केलीचे, आणि एपथी हा शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरचे मी आभार मानते. आभार मानायची मला सवय नाही, तेव्हा हे खरे समजा.

शंटनंतर तीन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. अल्योशा नीनाला माशातले काटे काढून देत होता. सासूबाई म्हणाल्या, "तेरा वर्षांची मुलगी आहे. तू तिला पांगळी करतोयस."

अल्योशाने मासा खाली ठेवला. चौदा वर्षांत मी त्याला आईसमोर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "मुलं कशी वाढवतात ते तुला काय माहीत?"

"नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी वाढवलंच नाही. मला बर्फ तुझ्यापेक्षा जास्त आवडायचा."

"ओ माय गॉड, बाबुश्का," नीना आजीला म्हणाली.

"आणि आता?" अल्योशा उभा राहिला होता.

"आता बर्फ बंद झाला."

"म्हणजे उरलो म्हणून मी?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "उरलेल्यांत तू सगळ्यात बरा आहेस."

तो लाल झाला. मग हसला की रडला, सांगता येणार नाही, आणि रशियनमध्ये सुरू झाला. त्याही सुरू झाल्या. मी नीनाला तिची ताटली घेऊन उठवलं. मला रशियन येत नाही. मी भांडी घासली, ओटा पुसला, कपडे आत आणले. दोन तास त्या जेवणाच्या टेबलावरून आवाज येत होते, कधी त्याचा वर, कधी त्यांचा.

अल्योशा स्वयंपाकघरात आला तेव्हा डोळे सुजले होते. नळ सोडून तो घटाघटा पाणी प्यायला.

"माफी मागितली त्यांनी?" मी विचारलं.

"छे."

"मग?"

"उद्या कामावरून आलो की परत बसणार आहोत," तो म्हणाला. "आज फक्त मी तिसरीत होतो तिथपर्यंत पोचलो."